डोक्याच्या फोटोत न दिसलेला फेरफार

एमआरआयच्या खोलीत अंगावर धातूचं काही चालत नाही. तिथल्या ताईंनी आत्याला पाटल्या, कुड्या आणि कवळी काढून ठेवायला सांगितली. पाटल्या चाळीस वर्षांत उतरल्या नव्हत्या, साबण लावलावून काढाव्या लागल्या. आत्याचं वय 71. गेलं वर्षभर ती घरातल्या कुणाच्या हातात साधी किल्लीही देत नव्हती. शेवटी वहिनीने ओंजळ पुढे केली आणि आत्याने एकेक वस्तू ठेवत मोजून दिली. "दोन पाटल्या, दोन कुड्या, एक कवळी. म्हण." वहिनीने म्हटलं. "परत म्हण." वहिनीने परत म्हटलं.

मग डोक्यावर पिंजऱ्यासारखं झाकण बसवून तिला बोगद्यात सरकवलं. भीती वाटली तर दाबायला हातात रबरी फुगा दिला होता. तो तिने तीनदा दाबला. अर्ध्या तासाचं काम सव्वा तासावर गेलं.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून पाहिली आणि म्हणाले, "वयोमानाने होतात तसे किरकोळ फेरफार आहेत. बाकी मेंदू नॉर्मल." आत्याला ऐकायला कमी येतं. त्या वाक्यातला एकच शब्द तिच्यापर्यंत पोचला. "तेच तर मी वर्षभर कानीकपाळी ओरडतेय," ती उसळून म्हणाली, "फेरफार झालाय!" आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

परतीच्या वाटेवर गाडीत दादाने, म्हणजे तिच्या मुलाने, निकाल देऊन टाकला. "फोटो नॉर्मल आला. म्हणजे डोक्यात काही नाही. म्हणजे ही मुद्दाम करते."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. सत्तरीनंतर माणूस अचानक संशयी झाला तर मेंदूत गाठ नाही ना, बारीकसा झटका येऊन गेला नाही ना, हे बघावंच लागतं. त्यासाठीच त्यांनी फोटो काढायला लावला होता आणि ते बरोबरच होतं. गोळ्या लिहून दिल्या, कान तपासून घ्या म्हणाले, महिन्याने बोलावलं. पण साडेपाच हजार रुपये मोजून काढलेल्या फोटोपुढे या तोंडी गोष्टींना काय किंमत! घरात फोटोचंच राज्य सुरू झालं. आत्या काही बोलली की कुणीतरी म्हणायचं, "रिपोर्ट नॉर्मल आहे हं तुझा."

आत्याचे संशय दोन होते. पहिला, मागच्या घराच्या गच्चीवरची डिश मुद्दाम तिच्या स्वयंपाकघराकडे वळवली आहे आणि तिथून तिचं बोलणं ऐकलं जातं. दुसरा, भावाच्या मुलाने माहेरच्या जमिनीतून तिचं नाव काढलं आहे. आम्ही दोन्ही एकाच पोत्यात भरून पोतं शिवून टाकलं होतं. चारेक महिन्यांनी भलत्याच कामासाठी मी मोबाईलवर त्या गटाचा सातबारा काढला. इतर हक्कातली बहिणींची नावं गायब होती. शेजारी फेरफाराचा, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा, नंबर. दप्तरातून कागद काढल्यावर नोटीस बजावल्याची पोचही मिळाली, आणि तिच्यावर आत्याच्या नावापुढे अंगठा होता. आत्या जुनी सातवी पास. तिने जन्मात कधी अंगठा लावलेला नाही.

एकाच डोक्यात दोन संशय, एक खोटा आणि एक खरा. आत्याला दोन्हींची खात्री सारखीच होती, सांगताना आवाज सारखाच चढायचा, झोप दोन्हींपायी उडायची. जगातल्या सर्वांत महागड्या स्कॅनरमध्ये घालून तिला आधी डिशबद्दल विचारलं असतं, मग जमिनीबद्दल, तर पडद्यावर काय वेगळं दिसलं असतं? माझं म्हणणं असं की काहीही नाही. संशय कसा तयार होतो हे मेंदूची चित्रं कधीतरी सांगतील, थोडंफार सांगायलाही लागली आहेत. पण संशय खरा की खोटा हे त्या चित्रांत नसतं, कारण ते कवटीत नसतंच. ते तलाठ्याच्या दप्तरात असतं. म्हणून ही चित्रं प्रयोगशाळेत आणि दवाखान्यात जरूर असावीत, पण एखाद्या माणसाचा निवाडा करायच्या जागी ती येऊ देऊ नयेत. तो निवाडा कोर्टातला असो, पोलीस ठाण्यातला असो, नाहीतर आमच्या घरातला.

आता या विद्येला तिचं श्रेय द्यायला हवं. 1990 मध्ये सेजी ओगावा यांनी दाखवून दिलं की ऑक्सिजन घेऊन आलेलं रक्त आणि ऑक्सिजन देऊन निघालेलं रक्त चुंबकाच्या लेखी वेगवेगळं असतं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजं रक्त धाव घेतं, आणि एफएमआरआय, म्हणजे मेंदू काम करत असताना काढलेला एमआरआय, टिपतो ती ही धाव. विचार नव्हे, रक्त. तेही पाच-सहा सेकंद मागून. चित्रातला एकेक ठिपका म्हणजे साधारण तीन मिलिमीटरचा ठोकळा आणि त्यात लाखो पेशी. रात्री टेकडीवरून गावाकडे पाहिलं तर कुठल्या आळीत जास्त दिवे लागलेत ते कळतं. त्या घरी लग्न आहे की मयत, ते खाली उतरल्याशिवाय कळत नाही.

तरीही टेकडीवरून पुष्कळ दिसलं. मेंदूत खोलवर बदामाएवढा अमिग्डाला नावाचा भाग असतो. दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झालेली तीन माणसं 1998 मध्ये राल्फ अडॉल्फ्स आणि सहकाऱ्यांनी तपासली. ज्या चेहऱ्यांकडे बघून इतर लोक सावध व्हायचे, ते चेहरेही या तिघांना भरवशाचे वाटत. उलट बाजूने, स्किझोफ्रेनिया हा भ्रम आणि भास होणारा मनोविकार असलेल्यांपैकी जे त्या काळात संशयाने घेरलेले होते, त्यांच्या अमिग्डालात नुसतं स्वस्थ पडून असतानाही रक्ताचा ओघ जास्त आढळला. हे काम 2015 चं. समोर कुणी नाही, कुणी काही विचारलेलं नाही, तरी पहारेकरी जागा.

दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेले शितिज कपूर यांनी 2003 मध्ये एक मांडणी केली, ती मला या सगळ्यात सर्वांत समजूतदार वाटते. डोपामिन हे रसायन एखादी गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे हे मनावर ठसवतं. ते नको तेव्हा, नको तिथे सुटायला लागलं की क्षुल्लक गोष्टींनाही अर्थ चिकटतो. शेजाऱ्याचं खोकणं, दारातली चप्पल थोडी तिरकी असणं, गच्चीवरची डिश. प्रत्येक गोष्ट काहीतरी सांगते आहे असं वाटू लागतं. मग माणूस त्या वाटण्याला कारण शोधतो, आणि सापडलेलं कारण म्हणजे भ्रम. म्हणजे भ्रम हा बुद्धी गेल्याचा पुरावा नसून बुद्धीने चुकीच्या मालावर केलेलं मन लावून काम असतं. औषधाने तो माल येणं कमी होतं, पण आधी रचलेली गोष्ट पुसायला वेळ लागतो. आमच्या घरी नेमकं हेच घडलं. गोळ्या सुरू झाल्यावर आत्याला नवे पुरावे सापडायचे बंद झाले, पण डिशची जुनी गोष्ट कायम राहिली.

येल विद्यापीठात फिलिप कॉर्लेट यांच्या गटाने हे आणखी पुढे नेलं. पत्त्यांच्या तीन गठ्ठ्यांपैकी कुठला जास्त जिंकून देतो ते ओळखायचं आणि मध्येच गठ्ठे बदलतात, असा त्यांचा खेळ. संशयी स्वभावाची माणसं जिंकत असतानाही गठ्ठा सोडून देतात. आता हा उलटणार, असं ती धरूनच चालतात. समोर माणूस नाही, कुणी फसवणारा नाही, नुसते पत्ते. म्हणजे इतरांवरच्या अविश्वासाच्याही खाली जगच अस्थिर असल्याची एक जाणीव आहे. 2024 मध्ये याच मंडळींनी माकडांच्या मेंदूतली माहिती तपासली. मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमसच्या एका ठरावीक भागाला इजा झालेली माकडं या खेळात संशयी माणसांसारखीच वागत होती. हे खरोखर मोलाचं काम आहे. 'संशयी माणूस वाईट मनाचा असतो' ही आपल्याकडची सरसकट समजूत त्याने खिळखिळी होते.

पण हे सगळं गटाबद्दल आहे, एका माणसाबद्दल नाही. सगळी गफलत इथेच होते. 2016 मध्ये जगभरच्या केंद्रांनी मिळून स्किझोफ्रेनिया असलेल्या 2,028 आणि नसलेल्या 2,540 लोकांच्या मेंदूंची मापं ताडून पाहिली. सर्वांत ठळक फरक हिप्पोकॅम्पस या आठवणींशी संबंधित भागात सापडला, रुग्णांमध्ये तो सरासरीने लहान होता. तो फरक साध्या भाषेत मांडायचा तर एक आजारी आणि एक निरोगी अशा शंभर जोड्या घ्या. त्यांपैकी साधारण 63 जोड्यांत आजारी माणसाचा हिप्पोकॅम्पस लहान भरेल. उरलेल्या 37 जोड्यांत निरोगी माणसाचा. नाणं उडवलं तरी 50 बरोबर येतात. संशोधनाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, पण त्यावरून समोरच्या बाईला वेडी ठरवायचं म्हणजे कुंडलीवरून ठरवण्यातलाच प्रकार.

शिवाय चित्र आपोआप उमटत नाही, ते गणिताने रंगवावं लागतं. 2020 मध्ये 108 जणांचे तेच स्कॅन 70 वेगवेगळ्या गटांना दिले आणि नऊ ठरलेले प्रश्न विचारले. हिशेबाची पद्धत दोन गटांचीही तंतोतंत सारखी निघाली नाही, आणि काही प्रश्नांची उत्तरं चांगलीच वेगळी आली. त्याआधी 2009 मध्ये तर एका मेलेल्या सामन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून माणसांचे फोटो दाखवले होते. योग्य ती दुरुस्ती केली नाही तर गणित त्या माशाच्या मेंदूतही हालचाल दाखवतं, हे सिद्ध करायला. आमच्या कोकणातल्या मित्राचं यावर म्हणणं असं, की मासा मेल्यावरही विचार करतो हे त्याला बाजारात केव्हापासून ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट मला आत्याच्या त्या सव्वा तासात कळली, ती लेखांमध्ये फार थोडक्यात येते. संशयाने पुरतं घेरलेला माणूस त्या बोगद्यात जाईलच कशाला? अनोळखी माणसांच्या हवाली दागिने करायचे, डोकं पिंजऱ्यात अडकवायचं, कानाशी ठोकल्यासारखे आवाज, आणि काचेपलीकडे बसलेलं कुणीतरी आपला मेंदू बघतंय. ज्याला आधीच वाटतंय की कुणीतरी आपला मेंदू बघतंय, त्याला हे सांगून बघा. जे संमतीपत्रावर सही करतात आणि न हलता पडून राहतात, त्यांचीच चित्रं हाती येतात. सर्वांत जास्त त्रास असलेले त्या चित्रांत नसतातच.

हे सगळं शास्त्रज्ञांच्या आपसातलं राहिलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. पण मेंदूतून सत्य काढायचा प्रयोग आपल्याकडे, पुण्यात, होऊन गेला आहे.

12 जून 2008 रोजी पुण्याच्या सत्र न्यायालयाने विशीतल्या एका व्यवस्थापनाच्या विद्यार्थिनीला आणि तिच्या नवऱ्याला जन्मठेप सुनावली. पूर्वी ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं त्या तरुणाला तिने भेटीत प्रसादातून आर्सेनिक हे विष दिलं, असा आरोप होता. इतर पुरावे होते, पण निकालपत्रात एका चाचणीवर बराच भर होता. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेतून निवृत्त झालेले मानसशास्त्रज्ञ चंपाडी रमण मुकुंदन यांनी ती विकसित केली होती. हा काही एमआरआय नव्हे. डोक्याला 32 इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी नोंदायच्या. माणूस डोळे मिटून गप्प बसलेला असतो. एक आवाज वाक्यं वाचत जातो, सगळी 'मी'ने सुरू होणारी. मी आर्सेनिक विकत घेतलं. मी त्याला भेटले. अधूनमधून आकाश निळं असल्यासारखी निरुपद्रवी वाक्यं. माणसाने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. उत्तर संगणक काढतो आणि सांगतो की अमुक वाक्याला 'अनुभवातून आलेलं ज्ञान' दिसलं.

त्या खुर्चीत बसून बघा क्षणभर. अनेक दिवस पोलीस तुम्हाला तेच विचारताहेत. वकील तेच विचारतोय, वर्तमानपत्रात तेच छापून आलंय, रात्री डोळा लागत नाही तेव्हा तेच दृश्य तुम्ही शंभरदा मनात उभं केलंय. मग एक आवाज तुमच्या कानात तुमच्याच वतीने म्हणतो, मी आर्सेनिक विकत घेतलं. मेंदू काय करेल? प्रत्यक्ष केलेलं कृत्य आणि भीतीने हजारदा मनात पाहिलेलं कृत्य यांत लहरींवरून फरक करता येतो असं म्हणायचं तर त्याला भक्कम पुरावा लागतो, आणि तो नव्हता. इतर शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावी अशा रीतीने ती पद्धत पुरेशी मांडलीच गेली नव्हती. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने ही चाचणी अशास्त्रीय ठरवली. तपासाचं साधन किंवा न्यायालयातला पुरावा म्हणून ती वापरू नये, असंही सांगितलं. तोवर जन्मठेप सुनावून झाली होती. नंतर मुंबई उच्च न्यायालयाने त्या दोघांना जामीन दिला.

संशयाच्या विषयात मी ही केस का आणली? कारण दोन्हीकडे चूक एकच आहे. भ्रम म्हणजे न घडलेल्या गोष्टीची घडलेल्या गोष्टीइतकी खात्री. ज्याला आपण आजार म्हणतो, त्यात माणसाच्या स्वतःच्या मेंदूलाच हा फरक कळेनासा होतो. जो फरक खुद्द त्या मेंदूला आतून कळत नाही, तो बाहेरून तारा लावून आपल्याला कळेल, हा आत्मविश्वास आला कुठून?

सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2010 रोजी 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक' या निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरी नोंदणारं ब्रेन मॅपिंग या चाचण्या संमतीशिवाय करायला मनाई केली. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही हे घटनेचं कलम 20(3), आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचं कलम 21, यांचा आधार घेतला. निकाल उत्तम आहे. पण संमतीची खिडकी त्यात उघडी राहिली. कोठडीतल्या माणसाची संमती म्हणजे काय असते हे ज्याने पोलीस ठाण्याची पायरी चढली आहे त्याला सांगायला नको. आणि आपल्याकडचा सार्वजनिक संशय असा, की दर चार महिन्यांनी एखादा पुढारी कॅमेऱ्यासमोर गरजतो, "करा माझी नार्को, आणि त्याचीही करा!" टाळ्या पडतात. मेंदूत सत्याची प्रत ठेवलेली असते आणि तज्ज्ञाने ती फक्त काढून द्यायची, सातबाऱ्यासारखी, ही समजूत त्या टाळ्यांत असते.

संशय हा आजार ठरवायचा अधिकार सत्तेच्या हाती गेला की काय होतं याचं उदाहरण सोव्हिएत रशियात आहे, आणि तिथे तर स्कॅनरही लागला नव्हता. जनरल प्योत्र ग्रिगोरेन्को हे दुसऱ्या महायुद्धात लढलेले अधिकारी. सरकार मूळ तत्त्वांपासून ढळलं आहे असं बोलू लागले तेव्हा 1964 मध्ये मॉस्कोच्या सर्ब्स्की या मनोविकार संस्थेने निदान केलं की त्यांच्या व्यक्तिमत्त्वाची वाढ पॅरानॉइड, म्हणजे संशयग्रस्त, वळणाने झाली असून डोक्यात सुधारणेच्या कल्पना आहेत. आपल्यावर पाळत आहे असं त्यांना वाटे. पाळत होतीच. पुढे ते अमेरिकेत गेले आणि स्वतःहून तिथल्या मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. आजाराचा मागमूस सापडला नाही. आता कल्पना करा, सर्ब्स्कीतल्या त्या डॉक्टरांकडे अमिग्डालाचं रंगीत चित्र असतं तर? पाठलाग होत असलेल्या माणसाचा अमिग्डाला पेटलेलाच असणार. चित्र खरं असतं, निदान खोटं असतं, आणि खऱ्या चित्रामुळे खोटं निदान खोडणं दुप्पट अवघड झालं असतं.

आपला 2017 चा मानसिक आरोग्य कायदा या बाबतीत शहाणा आहे. कलम 3 सांगतं की कुणाची राजकीय, आर्थिक किंवा सामाजिक स्थिती, किंवा समाजात रूढ असलेली नैतिक, राजकीय वा धार्मिक मूल्यं न मानणं, यावरून त्याला मानसिक आजार ठरवता येणार नाही. त्यात एका ओळीची भर पडावी असं मला वाटतं. मेंदूचं कुठलंही चित्र किंवा लहर एकट्याच्या आधारावर कुणाचा आजार, कुणाचा खरेपणा किंवा कुणाची लायकी ठरवू शकणार नाही. नोकरीत नाही, विम्यात नाही, मुलाच्या ताब्याच्या दाव्यात नाही. आज हे अतिरेकी वाटेल. पण स्कॅन टाकला की आजाराची टक्केवारी काढून देणारी सॉफ्टवेअरं तयार होत आहेत, आणि टक्केवारी हाती आली की आपल्याकडे तिचं काय होतं ते दहावीच्या निकालाला दरवर्षी दिसतं.

याला एक चांगला आक्षेप आहे, आणि तो मला एका डॉक्टर मैत्रिणीनेच घेतला. ती म्हणाली, चित्रामुळे कलंक कमी होतो. बाईला करणी झाली नाही, भूत लागलं नाही, ती नाटकंही करत नाही, तिच्या मेंदूत बिघाड आहे, हे दाखवता येतं. मधुमेहासारखा आजार म्हणता येतो. मला हे बराच काळ पटत होतं. पण या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र करून 2013 मध्ये काढलेला निष्कर्ष दुधारी आहे. आजाराचं कारण शरीरात आहे असं कळलं की लोक रुग्णाला दोष कमी देतात खरे, पण त्याच वेळी तो बरा होणार नाही आणि तो धोकादायक आहे असंही त्यांना जास्त वाटू लागतं. आणि माझ्या घरचा अनुभव तर त्याहून सरळ आहे. आत्याला सहानुभूती मिळावी म्हणून चित्र काढलं आणि चित्र स्वच्छ निघालं. ज्या दिवशी आपण माणसाचं दुःख खरं मानायला फोटो मागू लागतो, त्या दिवसापासून फोटो नॉर्मल आलेली माणसं खोटी ठरतात. आणि संशयाने ग्रासलेल्या बहुतेकांचा साधा एमआरआय नॉर्मलच येतो.

मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग डॉक्टरांनी समजावून सांगायला हवं होतं." बरोबर आहे. पण बाहेर साठ माणसं बसलेली असतात. आपल्या देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा पडत नाही. महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. तालुक्याच्या गावी स्कॅन सेंटर निघतं, समजावून सांगायला वेळ असलेला माणूस मिळत नाही.

आणि गंमत अशी की संशय कमी करणाऱ्या ज्या गोष्टी गेल्या काही वर्षांत नीट तपासून सिद्ध झाल्या, त्यांना स्कॅनर लागतच नाही. आता ऑक्सफर्डमध्ये असलेल्या डॅनियल फ्रीमन यांनी 2008 मध्ये 200 साध्यासुध्या लंडनकरांना आभासी भुयारी रेल्वेतून फिरवलं. डब्यातली पात्रं मुद्दामच अळणी ठेवली होती. तरी सुमारे 40 टक्के लोकांच्या मनात कुणीतरी आपल्या वाइटावर आहे असा विचार डोकावलाच. म्हणजे संशय ही काही मूठभरांची मिरास नाही. 2017 मध्ये त्यांनीच ब्रिटनमधल्या 3,755 विद्यार्थ्यांवर एक साधी गोष्ट करून पाहिली. ज्यांना झोप येत नाही त्यांची झोप सुधारली, आणि झोपेबरोबर संशयही उतरला. पुढे छळाचे भ्रम पक्के झालेल्या रुग्णांसाठी त्यांनी एक उपचारक्रम बांधला. त्यात माणसाशी भ्रमावरून वाद घालत नाहीत, त्याला सुरक्षित वाटण्याचे अनुभव थोडे थोडे घ्यायला मदत करतात. 2021 च्या चाचणीत सुमारे निम्मे जण त्या भ्रमातून बाहेर आले.

आणि कान! 1981 मध्ये फिलिप झिम्बार्डो यांनी संमोहनाखाली काही विद्यार्थ्यांना तात्पुरतं कमी ऐकू येईल असं केलं. आपल्याला कमी ऐकू येतंय हेच ज्यांना माहीत नव्हतं, ते शेजारी कुजबुजणाऱ्यांबद्दल लगेच संशयी झाले. लोक हळू का बोलतात? आपल्याबद्दलच बोलत असणार. आत्याच्या कानाकडे आम्ही वर्षभर दुर्लक्ष केलं होतं. तिच्यासमोर आम्ही खरंच हळू बोलायचो, आणि खरंच तिच्याबद्दलच बोलायचो.

शेवटी मशीन बसवलं. पहिले आठ दिवस तिने ते काढून फेकलं, फ्रिज फार ओरडतो म्हणून. मग सवय झाली. आता दादा खालच्या आवाजात काही बोलला की ती आतून उत्तर देते.

फेरफाराविरुद्ध प्रांतांकडे अपील टाकलं आहे. दोन तारखा झाल्या, तिसरी पुढच्या महिन्यात. आत्या दर तारखेला स्वतः जाते. सातबारा, फेरफाराची नक्कल, अंगठ्याच्या पोचेची झेरॉक्स आणि तिची शाळेची सही असलेला जुना दाखला हे सगळं ती एमआरआयच्या मोठ्या पाकिटात घालून नेते, कारण कागद दुमडले जात नाहीत. आतली फिल्म तिने काढून कपाटावर टाकली आहे. स्वयंपाकघराची मागची खिडकी मात्र ती अजून उघडू देत नाही.